पेटीआधी वही उघडणाऱ्या मॅडम

सध्या अधिक ज्येष्ठ चालू आहे. लग्नं बंद, वराती बंद, आमची चांदणी पागेत उभ्या उभ्या डुलक्या काढतीय आणि मला कधी नव्हे ते दुपारचे हात रिकामे मिळालेत. पोरगा म्हणाला, "आबा, मिसळवाल्याला पाच स्टार देत बसताय, घोड्याच्या डॉक्टरांबद्दल लिहा की कधीतरी." म्हटलं, बरोबर आहे.

तर हे लिहिणं दारात येऊन घोड्यांना लस टोचणाऱ्या एका पशुवैद्यक मॅडमांबद्दल आहे. नाव-नंबर देणार नाही. त्यांनीच बजावलंय, "काका, लिहा खुशाल, पण नाव घालू नका. आहेत तेवढ्या घोड्यांनाच माझा रविवार पुरत नाही." कोल्हापूरच्या बावडा, शिये, वडणगे ह्या पट्ट्यात कुणाही घोडेवाल्याला विचारा, तो सांगेल.

आमची कसबा बावड्यातली तिसरी पिढी घोड्यावर जगतीय. आजोबांचा आणि मग वडिलांचा टांगा होता, स्टेशन ते महाद्वार. रिक्षा आल्या, टांगा गेला, घोडा काही सुटला नाही. आज ठाणावर तीन जनावरं आहेत. चांदणी, नऊ वर्षांची नुकरी म्हणजे पांढरीशुभ्र घोडी, वराती आणि मिरवणुका हिच्या जिवावर. सरदार, कुमैत म्हणजे तांबड्या अंगाचा, काळ्या आयाळीचा, अठरा पार केलेला, टांग्याला जुंपलेला आमचा शेवटचा घोडा. आता खातो आणि गल्लीतल्या पोरांना पाठीवर बसवून आणतो. आणि बिजली, दीड वर्षाचं शिंगरू, वडणग्याच्या पाहुण्यांकडून आणलेलं.

२०२३ च्या दिवाळीनंतर चांदणीला घेऊन अकलूजच्या घोडेबाजाराला गेलो होतो. विकायची नव्हती. पण चार माणसं बघतात, वरातीच्या सुपाऱ्या मिळतात. चार दिवस घोडी शेजारी शेजारी बांधलेली, पाण्याला सगळ्यांचा हौद एकच. घरी आलो आणि तिसऱ्या पहाटे खोकला ऐकला. कोरडा, घशातून खरवडून काढल्यासारखा. नाकातून पाणी, तोबऱ्यातली चंदी, म्हणजे दाणा, तशीच. ताप बघितला तर १०५. दोन दिवसांत सरदार सुरू झाला. तुळशीची लग्नं लागली, गावभर बँड वाजायला लागले आणि आमच्या सहा वराती दुसऱ्यांनी केल्या.

राग ह्याचा आला की घोड्यांच्या फ्लूची लस झालेली होती! वर्षभरापूर्वी एकजण मोटरसायकलवरून यायचा, बाटली शर्टाच्या खिशात. एक सुई मारली, पैसे घेतले, "आता वर्षभर बघायचं काम न्हाई" म्हणाला. नाव घेत नाही, कारण खिशात हात घालून ती बाटली बघायचं काम माझंही होतं. चाळीस वर्षं घोडी सांभाळणाऱ्यानं एवढं विचारू नये?

मॅडम पहिल्यांदा आल्या त्या ह्या आजारपणात. तेव्हा लशीचा विषयच काढला नाही त्यांनी. आजारी जनावराला लस टोचत नाहीत, एवढंच म्हणाल्या. आणि आरामाचा हिशोब सांगितला: जितके दिवस ताप, तितके आठवडे सक्तीचा आराम. फ्लूच्या विषाणूनं श्वासनळीचं आतलं अस्तर खरवडून निघतं, ते परत भरायला तीनेक आठवडे जातात, तोवर घोडा वरून चांगला दिसला तरी आत कच्चा असतो. चांदणीला तीन दिवस ताप होता, म्हणजे तीन आठवडे. मी मनात शिव्या घातल्या, पण पाळलं. शेजारगावच्या एकानं आठव्या दिवशी घोडा वरातीला काढला. तो घोडा अजून चढाला खोकतो.

रक्तही घेतलं दोघांचं, ग्लँडर्सच्या तपासणीला. ते हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातं. ह्या रोगाला लसच नाही, माणसालाही होतो, आणि घोडा पॉझिटिव्ह निघाला तर कायद्यानं त्याला मारावं लागतं. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला जेवण गेलं नाही. निगेटिव्ह आला, तसा सौनं अंबाबाईला नारळ फोडला.

आता लशीचं. जानेवारीत दोन्ही घोडी तंदुरुस्त झाल्यावर मॅडम परत आल्या. गाडीच्या मागच्या सीटवर बर्फाची पेटी. मी चांदणीला धरून उभा, म्हटलं टोचतील आणि जातील. त्यांनी पेटीला हात लावला नाही. खाटेवर बसून वही काढली आणि मलाच विचारायला लागल्या. ही महिन्यातून किती वेळा बाहेर जाते? कुठल्या बाजारांना नेता? लॉनवर दुसऱ्या घोड्यांच्या शेजारी बांधता का? बादली कुणाची? हा म्हातारा बाहेर जातो का? ह्याचं आणि तिचं ठाण किती लांब? नवीन जनावर आणलं तर कुठं बांधता?

मी म्हटलं, "मॅडम, एवढं कशाला? वर्षातनं एकदा टोचायची असती न्हवं?"

"कुणाला?" म्हणाल्या.

ह्या एका शब्दासाठी मी हे सगळं लिहितोय. आजवर भेटलेल्या प्रत्येकानं "घोड्याला लस" म्हणून एकच आकडा सांगितला होता. ह्यांनी चांदणीला एक आकडा दिला, सरदारला दुसरा, आणि पुढं बिजली आली तेव्हा तिला तिसरा.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. फ्लूची पहिली लस ही निव्वळ ओळख. शरीराला शत्रूचा फोटो दाखवला, एवढंच. चार ते सहा आठवड्यांनी दुसरी टोचली की खरी ताकद येते. म्हणजे त्या मोटरसायकलवाल्याची एक सुई, थंड राहिली असती तरी, अर्धीच होती. आणि आलेली ताकदही टिकत नाही. धनुर्वाताच्या लशीसारखं हे नाही. फ्लूची ताकद काही महिन्यांत उतरायला लागते, शिवाय विषाणूही रूप बदलत राहतो. म्हणून जो घोडा सतत परक्या घोड्यांत मिसळतो त्याला दर सहा महिन्यांनी, आणि जो घर सोडत नाही त्याला वर्षातून एकदा चालतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या घोड्यांना तर नियमच आहे: शेवटची लस सहा महिने एकवीस दिवसांच्या आतली पाहिजे, आणि मैदानात पोचण्याआधीच्या सात दिवसांत टोचलेली चालत नाही. "तुमची चांदणी काय कमी फिरते का त्यांच्यापेक्षा?" असं म्हणाल्या. घोडी फुगली असेल ऐकून.

तर चांदणीला जानेवारीत एक, फेब्रुवारीच्या शेवटी दुसरी, ऑगस्टच्या शेवटी तिसरी आणि पुढे दर सहा महिन्यांनी. सरदारला पहिल्या दोन तशाच, मग वर्षातून एकदा. पण अट घातली: चांदणी बाजाराहून आली की चौदा दिवस पलीकडच्या गोठ्यात, बादली वेगळी, खरारा वेगळा, आणि आधी सरदारचं काम उरकून मग तिच्याकडे जायचं. "म्हातारा घरात बसतो, आजार चालत येतो," म्हणाल्या. रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा. निरोगी घोड्याचं तापमान ९९ ते १०१ च्या आत असतं. वर गेला की खोकल्याची वाट न बघता फोन.

बिजलीचं तर वेगळंच. मी तिला तीन महिन्यांची असतानाच टोचा म्हणून मागं लागलो होतो. नाही म्हणाल्या. तिच्या आईला लस झालेली आहे, आईच्या चिकातून पिल्लाला आलेली ताकद अजून अंगात आहे, आत्ता टोचली तर ती ताकदच लशीला खाऊन टाकेल. सहा महिने भरल्यावर पहिली, महिना-दीड महिन्यानं दुसरी, आणि वर्षाची व्हायच्या सुमारास तिसरी. हातात आलेले पैसे परत करून "तीन महिन्यांनी बोलवा" म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदा बघितला.

सुई मारायची पद्धत बघण्यासारखी आहे. आधी ताप. थर्मामीटरला दोरी आणि दोरीला कपड्याचा चिमटा, तो शेपटीच्या केसांना लावलेला. म्हणजे पडून फुटायला नको आणि आत जायलाही नको. मग छातीला नळी लावून ऐकतात. चांदणी वारा घेतल्यासारखी हळू श्वास घेत होती, काही ऐकू येईना, तर मॅडमनी एक मोठी प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्या नाकपुड्यांवर सैलसर धरली. मी धावलोच. "थांबा हो काका, गुदमरवत नाही." पिशवीतली हवा परत परत घेतल्यावर घोडी आपोआप खोल श्वास ओढायला लागली, बरगड्या भात्यासारख्या फुलायला लागल्या, तेव्हा दोन्ही बाजूंनी शांतपणे ऐकलं. पिशवी काढल्यावर खोकली नाही आणि श्वास लगेच जाग्यावर आला, म्हणून पास. सरदारला दुसऱ्यांदा पिशवी लावली तर तो दोनदा खोकला. त्याची लस त्या दिवशी झालीच नाही. गवताची धूळ निघाली. गवत भिजवून घालायला सांगितलं आणि तीन आठवड्यांनी टोचली.

मग पेटी. बाटल्या बर्फाला चिकटवून ठेवत नाहीत, मध्ये वर्तमानपत्राच्या घड्या. गोठली तरी लस वाया, तापली तरी वाया. २ ते ८ डिग्री सेल्सिअसच्या मध्ये पाहिजे. पेटीच्या झाकणाला आतून तापमान दाखवणारा छोटा काटा लावलाय, तो मला दाखवून मगच बाटली काढतात. मानेवर तळहात ठेवून त्रिकोण दाखवला: वर आयाळीखालचा जाड स्नायुबंध, खाली मणक्यांची ओळ, मागं खांदा, त्याच्या मधोमध. सुई आधी एकटीच टोचतात, रक्त येत नाही बघून मग सिरिंज जोडतात. चांदणीला कळलंसुद्धा नाही. बिजलीनं मात्र माझ्या पायावर पाय दिला. नख अजून काळं आहे.

टोचल्यावर अर्धा तास थांबतात. एखाद्या जनावराला लस मानवत नाही, घाम फुटतो, श्वास चढतो, त्याचं औषध भरून हाताशी ठेवलेलं असतं. त्या अर्ध्या तासात चहा-खारी आणि वही भरणं. प्रत्येक घोड्याचं एक कार्ड, त्यावर छापलेलं घोड्याचं चित्र, आणि त्यात त्या अंगावरचे केसांचे भोवरे काढतात. पहिल्यांदा काढत होत्या तेव्हा आमचे शेजारचे अण्णा, वय ब्याऐंशी, काठी टेकत आले आणि म्हणाले, "बाई, देवमण हाय का बघा. आणि गोम असंल तर लपवू नका." (देवमण म्हणजे शुभ भोवरा, गोम म्हणजे अशुभ.) मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अण्णा, भोवरे माणसाच्या बोटाच्या ठशासारखे असतात. दोन नुकऱ्या घोड्या शेजारी उभ्या केल्या तर कार्डावरून हीच चांदणी हे ओळखायला काढतेय." अण्णांचं समाधान झालं नाही. पण खरी गोम तीच आहे: कार्डावर घोडा ओळखू येत नसेल तर तारीख कुणाची म्हणायची? एकच कार्ड तीन घोड्यांवर चालवणारे मी बाजारात बघितलेत.

कार्डावर लशीचं नाव, बॅच नंबर, तारीख आणि पुढची तारीख. एका ओळखीच्याला बाजाराला जायचं होतं, त्यानं मागची तारीख घालून मागितली. मी मध्यस्थ होतो. मला फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

वडणग्याच्या पाहुण्यांचंही सांगितलं पाहिजे, कारण तिथं मला नवीन कळलं. त्यांची घोडी, म्हणजे बिजलीची आई, पुन्हा गाभण होती. मी म्हटलं फ्लूची टोचा आणि मोकळे व्हा. मॅडम म्हणाल्या, हिचा खरा वैरी दुसरा आहे. हर्पीसचा विषाणू. शिंगरांना त्यानं सर्दी-खोकला होतो, बहुतेक घोड्यांच्या अंगात तो लहानपणीच शिरतो आणि गप्प बसून राहतो. जनावर दमलं, प्रवास झाला की डोकं वर काढतो. गाभण घोडीला त्यानं शेवटच्या महिन्यांत गाभ पडतो. म्हणून तिला पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात टोचायची. घोडी अकरा महिने वागवते, त्यात तीन सुया. हिसारच्या केंद्रानं ह्यावर लस तयार केलेली आहे. वर हेही स्पष्ट सांगितलं की ह्याच विषाणूनं कधी कधी घोड्याचं मागचं अंग लुळं पडतं, त्याला ही लस आडवी येईलच अशी खात्री नाही. पाहुणे म्हणाले, मग कशाला टोचायची? मॅडम म्हणाल्या, "छत्री घेतली म्हणून पाय भिजायचे थांबतात का? डोकं तर कोरडं राहतं." पन्हाळ्याकडं राहणाऱ्या माणसाला हे लगेच पटलं.

आणि शियेत एकाच्या घोड्याला जबड्याखाली गाठी येऊन पू व्हायला लागला, स्ट्रँगल्स. त्याचा भाऊ म्हणाला, त्याचीपण लस द्या. दिली नाही. लागण झालेल्या, नुकत्याच बऱ्या झालेल्या घोड्याला ती टोचली तर अंगावर उलटू शकते, आणि त्यातून उठलेल्या बहुतेक घोड्यांत स्वतःचीच ताकद काही वर्षं राहते. शेक, वेगळी बादली, वेगळा माणूस, एवढ्यावर काम झालं.

आता तक्रारी. नसत्या तर मी हे लिहिलं नसतं, कारण नुसतं गोड लिहिलेलं मी स्वतःच वाचत नाही.

पहिली, वेळ. सकाळी नऊ म्हणजे साडेअकरा. घोडं खरारा करून, बांधून ठेवायचं आणि वाट बघत बसायचं. फोन उचलत नाहीत, कारण दुसऱ्या कुणाच्या घोड्याच्या मानेवर हात असतो. कारण समजतं, पण माझी सकाळ जाते ती जातेच.

दुसरी, आणि ही मोठी. लस पुण्याहून मागवतात आणि पुरेसे घोडे जमल्याशिवाय मागवत नाहीत. गेल्या वर्षी सरदारची तारीख ह्यापायी पाच आठवडे पुढे गेली. घरात बसणारा म्हातारा म्हणून चाललं. चांदणीची गेली असती तर मी भांडलो असतो. आता आम्ही सात-आठ घोडेवाल्यांनी मिळून तारखा जुळवून घेतल्यात, पण हे काम आम्ही केलं, त्यांनी नाही.

तिसरी, चार माणसांत बोलतात. वर्षापूर्वी गुरुवारी लस टोचून घेतली आणि शनिवारी फुलेवाडीत वरात होती. सात दिवस जड काम नको हे सांगितलेलं होतं. मी सुपारी सोडली नाही. घोडीच्या मानेला सुपारीएवढी गाठ, मान खाली घालवेना, बँडवाल्यांनी ताल धरला तरी ही लाकडासारखी उभी. नवरदेवाचा मामा मला म्हणाला, "घोडी आहे का पुतळा?" मॅडमना हे कळलं आणि त्यांनी पुढच्या रविवारी वडणग्यात सगळ्यांसमोर माझी शाळा घेतली. चूक माझी होती. तरीपण. (असं झालं तर चंदी आणि पाणी छातीच्या उंचीला ठेवायचं, म्हणजे जनावराला मान वाकवावी लागत नाही. दीड दिवसात उतरतं.)

पैशाचं विचारणार तुम्ही. लस आणि फेरी धरून तिन्ही जनावरांचं चांगल्या एका वरातीत भागतं. २०२३ ला माझ्या सहा वराती गेल्या होत्या. आणि तेव्हापासून अकलूजला दोनदा जाऊन आलो. गेल्या खेपेला आमच्या रांगेतली तीन-चार घोडी खोकत होती. चांदणीला एक दिवस १०१.८ ताप आला, नाक थोडं वाहिलं, चौथ्या दिवशी तोबरा चाटून पुसून साफ. मॅडमनी आधीच सांगितलं होतं: लस झालेल्या घोड्यालाही लागण होऊ शकते, पण आजार हलका जातो आणि तो दुसऱ्याला देतोही कमी. २००८ साली जम्मूकडच्या कटऱ्याच्या खेचरांपासून सुरू झालेला फ्लू बघता बघता कितीतरी राज्यांत गेला, तो असाच, एका खोकणाऱ्या जनावराकडून शेजारच्याकडे.

शेवटचं, अधिक महिन्याचं. तारखा माझ्या लक्षात राहत नाहीत म्हणून मी सोपं करून टाकलं होतं: एक सुई पाडव्याला, एक दसऱ्याला. दसऱ्याला घोड्याची पूजा असतेच, तेव्हा आठवण आपोआप होते. मॅडमना सांगितलं तर आधी खूश झाल्या. गेल्या वर्षी पाडवा ३० मार्चला आणि दसरा २ ऑक्टोबरला, सहा महिने चोख. ह्या वर्षी मार्चच्या २२ तारखेला आल्या तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "आता दसऱ्याला." त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून खाटेवर पसरलं. पाडवा १९ मार्च, मधे अधिक ज्येष्ठ, दसरा २० ऑक्टोबर. सात महिने! "काका, विषाणूला अधिक मास नसतो."

मग सहा महिन्यांचे सव्वीस आठवडे मोजले, तर २० सप्टेंबर, रविवारच. पण ती आली गणपतीत. १४ ला आगमनाच्या मिरवणुका, २५ ला विसर्जन, दोन्हींच्या सुपाऱ्या चांदणीच्या नावावर. सात दिवस आधी टोचायची नाही, मधे तर नाहीच. बोटं मोजत मोजत मागं आल्या आणि ६ सप्टेंबरवर थांबल्या. थोडी लवकर, पण चालेल म्हणाल्या. मी ती पागेच्या दारावर खडूनं लिहिलीय. बिजली रोज चाटून अर्धी पुसते, मी रोज परत लिहितो.